कळंबची गाणी पार्टी आणि वाघमारेबाईंच्या मात्रा

आमची गाणी पार्टी बंद पडून आता किती वर्षं झाली, पण किस्से काही बंद पडायला तयार नाहीत! चौघंजण चहाला बसले की कुणीतरी म्हणतंच, "टेलर, ते खोकल्याचं सांगा की!" एक सांगावा तर त्याच्या मागून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागून तिसरा. चहा गार होतो आणि हॉटेलवाला तोंडाकडं बघत बसतो.

तर मी टेलर. कळंबला बाजारात माझं शिलाईचं दुकान होतं. पार्टीची गाणी मीच लिहायचो आणि पेटीही मीच वाजवायचो. ढोलकीला इब्राहीमभाई, त्यांचा बांगड्यांचा धंदा. आणि गायला देवकाबाई. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या रस्त्यावरच्या एका गावातली, दिवसभर शेतात नाहीतर रोजगार हमीच्या कामावर. आवाज असा की लाउडस्पीकर नसला तरी चालायचं.

आम्हा दोघांना नाव पाहिजे होतं. देवकाबाईला मात्र रेडिओ पाहिजे होता. तिच्या गावात ग्रामपंचायतीचा रेडिओ चावडीवर वाजायचा. वरच्या आळीची माणसं चावडीवर बसायची आणि बौद्ध वस्तीतल्यांनी पायरीच्या खाली उभं राहून ऐकायचं. कायदा काहीही म्हणो, गावात तसंच चालायचं. देवकाबाई म्हणायची, "टेलरभाऊ, मला बक्षीस न्हाय पायजे. माजा आवाज एकदा त्या पायरीच्या वरनं यावा, बास." पण रेडिओवर जायचं म्हणजे जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिलं यावं लागायचं आणि आम्ही दरवर्षी पडायचो!

* * *

आता खोकल्याचं. साक्षरतेवर माझं एक गाणं होतं, "अंगठा सोड, पाटी धर." गाणं झकास, पण दुसऱ्या तुकड्याला ताल अडखळायचा. देवकाबाई थांबायची, मी पेटीवर थांबायचो आणि मध्ये एक खड्डा पडायचा. इब्राहीमभाई हुशार माणूस. त्यांनी त्या खड्ड्यात खोकायला सुरुवात केली. "पाटी धर... खॉक, खॉक!" बरोबर तालात! दोन वर्षं आम्ही ते गाणं तसंच गायलो.

कळंबच्या मुलींच्या शाळेत वाघमारेबाई नव्यानं गायन शिकवायला आल्या होत्या. औरंगाबादला रीतसर शिकून, परीक्षा देऊन आलेल्या. त्यांनी आमचा कार्यक्रम ऐकला आणि दुसऱ्या दिवशी थेट दुकानात. मला वाटलं ब्लाउज शिवायचाय.

"टेलर, तुमचा पहिला तुकडा आठ मात्रांचा आहे आणि दुसरा सहाचा. दोन मात्रा ढोलकीवाले खोकून भरतात."

मी म्हणालो, "बाई, गाणं कानानं होतं. मात्रा मोजून होत न्हाय."

बाईंनी टेबलावरचा माझा टेप उचलला. "कापड मोजून बेतता आणि गाणं अंदाजानं? 'पाटी धर गं' करा. दोन मात्रा भरतात."

केलं. खड्डा गेला! गाणं असं पळायला लागलं की मीच थक्क झालो. पण वाशीच्या बाजारात कार्यक्रम झाला आणि एक म्हातारबा काळजीनं पुढं आले. "ढोलकीवाल्या भाईची तब्येत बरी न्हाय का? आज खोकलाच न्हाय आला!"

त्याच महिन्यात कळलं की शेजारच्या एका पार्टीनं आमचं गाणं चोरलंय. चोरलं ते चोरलं, खोकल्यासकट चोरलं! त्यांनी खोकायला वेगळा माणूस ठेवला होता.

* * *

मग बाई पार्टीत आल्या. आल्या म्हणजे काय, बसल्याच.

तो उन्हाळा वाईट होता. विहिरी तळाला गेलेल्या, सगळी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. देवकाबाई म्हणाली, "कामावर म्हणायला गाणं द्या. हात चालत न्हाईत." मी लिहिलं, "खडीखाली झरा हाय, फोड गं बाई फोड." बायांनी म्हटलं, पण हातोडा एकीकडं पडायचा आणि शब्द दुसरीकडं.

वाघमारेबाई रविवारी एस.टी.नं कामावर आल्या, उन्हात डोक्यावर पदर घेऊन दगडावर बसल्या आणि नुसता हातोड्याचा आवाज ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठं आहे, तर हातोडा पडतो तिथं. तुमचा 'फोड' सम सोडून पडतो. तो समेवर आणा." ओळ फिरवली. पुढच्या वेळी "फोड" म्हटलं की साठ हातोडे एकदम दगडावर! अंगावर काटा आला. मुकादम तर नाचायचाच बाकी होता. चार दिवसांचं काम दोन दिवसांत उरकायला लागलं.

तिसऱ्या दिवशी देवकाबाई बाईंकडं हजर. "बाई, गाणं लई ब्येस झालंय. पर लय निम्मी करा. मजुरी हाय तेवढीच हाय!"

बाईंनी तेच गाणं ठाय लयीत बसवून दिलं. मुकादम शेवटपर्यंत विचारत होता, गाण्याला झालं काय म्हणून.

* * *

दूध संस्थेच्या उद्घाटनाचा किस्सा माझ्यावरचाच आहे, पण सांगतो.

चेअरमन साहेबांनी खास गाणं मागितलं होतं. मी रात्रंदिवस खपून चाल बांधली. मला स्वतःला ती इतकी आवडली की गुणगुणताना डोळे भरून यायचे. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संस्थेच्या अंगणात तालीम ठेवली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. बघतो तर कॅन धुणाऱ्या बाया पदरानं डोळे पुसतायत, दूध मोजणारा खाली मान घालून बसलाय. चेअरमन उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "टेलर, संस्था उघडायचीय का बुडालीय?"

मी रागावलो. म्हणालो, शब्द बघा, एकूण एक शब्द आनंदाचा आहे! वाघमारेबाई हसत म्हणाल्या, "शब्द आनंदाचे आहेत हो. पण रे कोमल, ध कोमल. तुम्ही लग्नाच्या मांडवात जाऊन रडताय. दोन्ही सूर शुद्ध घ्या. बोटं जरा उजवीकडं सरकवा, बाकी कशाला हात लावू नका."

दोन बोटं सरकवली. शब्द तेच, ठेका तोच, आणि लोक टाळ्या धरायला लागले! चेअरमन चक्रावले. "काय बदललं?"

"दोन सूर," बाई म्हणाल्या.

"मग आधीचे दोन सूर कुठनं आले होते?"

इब्राहीमभाई ढोलकी आवळत म्हणाले, "साहेब, आपल्या संचालक मंडळातनं!"

* * *

बाईंचंही एकदा झालं बरं का. नाहीतर तुम्हाला वाटेल, मी त्यांची आरतीच ओवाळतोय.

त्यांनी स्वतः एक गाणं रचलं. राग शुद्ध, ताल चोख, मात्रेला मात्रा. येरमाळ्याकडं एका गावात गायलं. लोक शांत बसले. एवढे शांत की पुढच्या रांगेतला एकजण घोरायला लागला, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. परतीच्या गाडीत बाई बोटांवर पुन्हा पुन्हा मात्रा मोजत होत्या. मला आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू!

शेवटी देवकाबाईच म्हणाली, "बाई, सगळं बराबर होतं. त्याच्यानंच कायतरी चुकल्यावानी वाटत होतं."

बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "मग आता असं करू. टेलरनी आधी मनानं लिहायचं आणि मी नंतर मोजायचं. उलटं नाही." तेव्हापासून आमची गाणी खरी सुरू झाली.

* * *

आणि मग आली धाराशिवची स्पर्धा. या वेळी आम्ही "खडीखाली झरा हाय" घेऊन निघालो होतो. बाईंनी चाल भूप रागात बसवलेली, देवकाबाई पेटीच्या पांढरी पाचला सा धरून गायची. पहिला नंबर काढायचाच, असं चौघांनी ठरवलेलं.

पेटी एस.टी.च्या टपावर. वर्ष दुष्काळाचं, रस्ता कच्चा आणि धुळीचे असे लोट की धाराशिव येईपर्यंत इब्राहीमभाईंच्या काळ्या मिशा पांढऱ्या झाल्या. पुकारा व्हायला एक पार्टी बाकी असताना मी पेटी उघडून बोटं फिरवली. पांढरी तीन मुकी. पांढरी सात मुकी. धूळ थेट आतल्या सुरांच्या पट्ट्यांत जाऊन बसलेली. फुंकलं, आपटलं, देवाचं नाव घेतलं, अल्लाचंही घेतलं. काही नाही!

भूपात सूर असतात पाच. त्यातले दोन मेलेले. दुसऱ्या पार्ट्यांकडं पेटी मागितली, तर एकानं घसा साफ करत सांगितलं, "आमची पेटी दुसऱ्याच्या हाताला वाजत न्हाय."

देवकाबाई नुसती पेटीकडं बघत राहिली. तिचा चेहरा बघून मला रडू फुटायचं बाकी होतं. दरवर्षी पडायचो ते ठीक, पण या वर्षी न गाताच पडायचं?

वाघमारेबाई डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मी ओरडलो, "बाई, आता मात्रा कसल्या मोजताय!"

"मात्रा नाही, सूर मोजतेय," त्या म्हणाल्या. "भूपात मध्यम आणि निषाद लागत नाहीत. टेलर, सा एक सूर खाली घ्या. पांढरी चार. मग मुके सूर कुठं येतात बघा."

मी पांढरी चारवर सा धरला. सा, रे, ग, प, ध. पाचही वाजले! पुन्हा वाजवलं. पाचही! मेलेल्या दोन पट्ट्या नेमक्या अशा जागी पडल्या की भूपाला त्यांची गरजच नाही.

"देवकाबाई, एक सूर खाली जमेल?"

"बाई, त्यात तर माजा आवाज आनखी सुटंल!"

आणि सुटला हो! "फोड गं बाई फोड" म्हटल्याबरोबर मांडवातली माणसं मांडीवर हात आपटायला लागली. मला एरवी खोड अशी की देवकाबाई श्वास घ्यायला थांबली की पेटीवर इकडच्या तिकडच्या हरकती घालायच्या. त्या दिवशी मी जीव मुठीत धरून त्या पाच पट्ट्यांवरून चालत होतो. घाम डोळ्यांत जात होता, पण बोट सरकू दिलं नाही.

निकाल सांगायला पुण्याहून आलेले परीक्षक उभे राहिले. पहिला नंबर कळंबचा! मग म्हणाले, "यांच्या पेटीवादकाचं विशेष कौतुक करतो. बाकीचे वाटेल तिथं बोटं घालतात. या गृहस्थांनी संपूर्ण गाण्यात वर्ज्य स्वराला चुकूनसुद्धा स्पर्श केला नाही. याला म्हणतात तालीम आणि संयम!"

इब्राहीमभाई ढोलकीमागं तोंड लपवून हसत होते. मी छाती काढून हार घालून घेतला.

* * *

आता शेवटचा.

रेडिओवर गाणं लागायचं होतं त्या संध्याकाळी आम्ही तिघं देवकाबाईच्या गावाला गेलो. चावडी भरलेली. देवकाबाई आपल्या माणसांबरोबर पायरीच्या खाली, रोजच्याच जागी उभी. आम्हीही तिच्याजवळ जाऊन उभे राहिलो. पोलीस पाटील वर खुर्चीवर, रेडिओशेजारी.

खरखर झाली आणि निवेदिकेनं नाव घेतलं, "देवकाबाई आणि साथी, कळंब." मग आवाज सुरू झाला. तोच मोकळा आवाज, पायरीच्या वरून खाली येत होता. वस्तीतल्या बाया एकमेकींचे हात घट्ट धरून ऐकत होत्या. वाघमारेबाई रडत होत्या आणि मीही रडत होतो.

पहिलं कडवं संपलं. वरच्या माणसांची चुळबुळ सुरू झाली. कुणी खाली बघेना, आणि बघितल्याशिवाय राहवेनाही. शेवटी पाटील उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "देवकाबाई, अशा खाली का उभ्या? या, वर या. तिथनं नीट ऐकू येत न्हाय."

देवकाबाई जागची हलली नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मला पाठ हाय, पाटील," ती म्हणाली. "तुमी ऐका!"