माझ्या मरणाची वेळ

आमच्या हौशी नाटक मंडळीत माझी मैत्रीण विंगेतून दिव्यांचे इशारे द्यायला शिकत होती. कानाला हेडफोन, हातात संहिता. आधी "स्टँडबाय", म्हणजे तयार राहा; मग "गो", की दिवेवाला दिवे बदलणार. सवय इतकी मुरली की मालाडच्या टपरीवरही ती "दोन कटिंग, स्टँडबाय" म्हणायची, आणि चहावाला खरोखर तिच्या "गो"पर्यंत किटली तिरकी धरून थांबायचा.

शेवटच्या प्रवेशात मी मरायचो. माझी मान पडली की तिने "गो" म्हणायचं आणि अंधार व्हायचा. पण मला मरायला फार आवडायचं. दर प्रयोगाला मी पुन्हा डोळे उघडायचो, नाटकातल्या मुलाचा हात चाचपायचो, आणखी थोडा तडफडायचो. अंधार नेमका कधी करायचा, तिला कळेना. दिग्दर्शक तिच्यावर खेकसला, "बाई, मुलुंडच्या प्रयोगाला चुकलात तर हेडफोन दुसऱ्याला देणार!"

तिने संहिता पुन्हा उघडली. मला एका शब्दाने तिला सोडवता आलं असतं, पण मग मरण आखडतं घ्यावं लागलं असतं.

मुलुंडला माझी मान पहिल्यांदा पडली आणि मिट्ट अंधार झाला. उरलेलं मरण मी अंधारातच उरकत होतो, तोवर टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या टाळ्या आधी कधीच पडल्या नव्हत्या. दिग्दर्शक ओरडला, "बाई, झकास!"

मी विंगेत गेलो. "यार, मी अजून मेलो नव्हतो."

"अरे, तू कधीचाच मेलायस," हेडफोन काढत ती म्हणाली. "कोणी सांगत नव्हतं, एवढंच. चल, चहा. स्टँडबाय."

मी निमूट उभा राहिलो, तिच्या "गो"ची वाट बघत.