धावायचे कपडे आणि कडुलिंबावरची साडी

प्रत्येक घरात एक खुर्ची असते. तिच्यावरचे कपडे ना धुवायला जातात, ना कपाटात. ते नुसते साचतात. आमच्या देवळीच्या रनिंग ग्रुपचे किस्से तसेच साचलेत, आणि त्यातले निम्मे कपड्यांचेच आहेत! धावायला काय लागतं, दोन पाय, असं भाषण मीही कॉलेजात ठोकायचे. लांब पल्ल्याची प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा कळलं, की पहिल्या काही किलोमीटरनंतर पाय गप्प होतात आणि कपडे बोलायला लागतात.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. मी. कापड दुकानवाले गजूभाऊ. शाळेत विज्ञान शिकवणारे रामटेके सर. आणि आमच्या मागच्या गल्लीतल्या वैशालीवहिनी. जानेवारीत नागपूरला एकवीस किलोमीटर धावायचं, हे चौघांचं ठरलेलं.

*

गजूभाऊंचा पॉलिस्टरवर राग. "कापसाच्या गावात राहता अन् प्लॅस्टिक घालता? लाज नाई वाटत?"

मला हे पटायचं. आपल्या वावरातला कापूस ट्रकमध्ये बसून जातो आणि दुसऱ्याच्या नावाचा टी-शर्ट होऊन परत येतो, याची मलाही चीड आहे. गजूभाऊंनी जाडजूड, पांढरेशुभ्र सुती टी-शर्ट शिवून घेतले. पहिले काही किलोमीटर आम्ही अगदी प्रभातफेरीसारखे दिसत होतो.

मग ऊन चढलं. सुती कापड घाम पितं, पण सोडत नाही. गजूभाऊंचा टी-शर्ट भिजून मांडीपर्यंत लोंबायला लागला. चहाच्या टपरीवर थांबलो, तेव्हा त्यांच्या छातीवर दोन्ही बाजूंना लाल डाग. ओल्या कापडानं घासून घासून रक्त आलेलं.

टपरीवाला घाबरला. "गजूभाऊ, गोळी लागली काय?"

गजूभाऊंनी चहाचा घोट घेतला. "कापूस वेचताना बोंडं टोचतेच बाप्पा! त्याले का कोनी कापूस सोडते?"

पुढच्या रविवारी ते त्याच टी-शर्टमध्ये आले. आत दोन चिकटपट्ट्या लावून!

*

रामटेके सरांचा प्रकार उलटा. ते आधी वाचतात, मग घेतात. दोन आठवडे अभ्यास करून त्यांनी ऑनलाइन एक टाइट पँट मागवली आणि थेट लाँग रनच्या दिवशी घडी मोडली.

"सर, नवे कपडे दसऱ्याला घालायचे असतात, लाँग रनला नाही," मी म्हटलं.

"मॅडम, यात विज्ञान आहे," सर म्हणाले.

आतली शिवण मांडीला लागायला लागली. येताना सर दोन्ही पाय फाकवून, कडेकडेनं चालत होते. शाळेतली दोन पोट्टी सायकलवरून चालली होती. त्यांनी ब्रेक मारला. "सर, घोड्यावरून पडले काय?"

सर तसेच पुढे निघाले. घराचं फाटक आलं तेव्हा म्हणाले, "वीस वर्षं झाली, घर्षण शिकवतो. धडा आज समजला."

आता आमच्यातलं प्रत्येक जण निघण्यापूर्वी शिवणीच्या जागी खोबरेल तेल चोळतं. सर तर बाटली सोबतच आणतात.

*

वैशालीवहिनींना शिवण, कापड, घाम यांची चिंता नव्हती. त्यांची चिंता होती गल्ली.

त्यांच्या गल्लीत सुना साडीत असतात. असा काही नियम कुणी केलेला नाही, म्हणून तो मोडायलाही कुणी नाही. त्यावर लक्ष ठेवायला समोरच्या शोभाकाकू आहेत. म्हणून वहिनी पहाटे साडीत निघायच्या, सासूला "फिरायले जाते" सांगून. साडीच्या आत ट्रॅक पँट, ब्लाउजच्या जागी टी-शर्ट. गावाबाहेर गजूभाऊंच्या वावरात कडुलिंब आहे. तिथं साडी सोडायची, घडी घालून फांदीवर ठेवायची, पळायचं. येताना पुन्हा नेसून घरी. नवरा बुटीबोरीला कंपनीत. त्याला माहीत होतं. तो म्हणाला होता, "मले चालते, पन आईले तू सांग."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. "हे काय चाललंय? मी बोलते तुमच्या सासूबाईंशी. आत्ताच चला!"

वहिनी साडीची घडी घालत होत्या. "तू बोलशीन, नेहा. लय चांगलं बोलशीन. अन् उद्यापासून मी घरी राहीन."

मी भाषण गिळलं. मला ते जमत नाही, तरी.

*

मग पँटच्या खिशाचा प्रश्न. वहिनी घराची किल्ली मुठीत धरून धावायच्या. मुठीत काही असलं की खांदा आखडतो. म्हणून आम्ही दोघी वर्ध्याला गेलो.

दुकानदारानं गुलाबी पँटी काढल्या. एकीला खिसा नाही.

"लेडीजमंधे खिसा येत नाई मॅडम. लेडीज पर्स ठेवतात."

"पर्स घेऊन धावू काय?" वहिनी म्हणाल्या. "लग्नाले चालली काय मी?"

शेवटी त्यांनी पुरुषांच्या पँटी मागितल्या. दुकानदार टेप घेऊन तयार. "मिस्टरांची कंबर किती?"

"माझ्याएवढीच," वहिनी म्हणाल्या. "उंची बी. मांडी बी. मोजा!"

परतीच्या बसमध्ये त्या पिशवीत हात घालून खिसा चाचपत होत्या. म्हणाल्या, "शाळेत मी पहिली यायची. मंग लग्न झालं. धावू नको असं कोनी म्हनलं नाई. पन धाव, असं बी कोनी म्हनलं नाई. मले एक डाव पूर्ण धावून पाहाचं हाय, नेहा. मधात न थांबता."

*

त्यानंतरचा किस्सा हसण्यासारखा नाही, पण आमच्या खुर्चीवर तोही आहे.

वहिनींच्या पाठीवर पुरळ उठलं. सरांनी कापडाला दोष दिला. गजूभाऊंनी अर्थातच पॉलिस्टरला. खरं कारण वहिनींनी मला एकटीला सांगितलं. धावायचे कपडे त्या घरामागे वाळत घालायच्या, वरून टॉवेल टाकून. आतले कपडेही तिथंच, टॉवेलखाली. ऊन लागत नसे, वारा लागत नसे. पहाटे तेच दमट कपडे अंगात.

आपल्या जिल्ह्यात उन्हाची काय कमी आहे? मे महिन्यात वाटून द्यावं इतकं असतं! आणि एका बाईला आपली बनियन वाळवायला हातभर ऊन मिळू नये? मी तावातावानं हे बोलले, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "ऊन हाय वो. दोरी समोरच्या अंगनात हाय."

*

डिसेंबर आला तसं अंतर वाढलं. अंतर वाढलं की परतायला उशीर होतो. आधी वहिनी अर्ध्यातूनच वळून झुंजुरक्यात, नीट उजाडायच्या आत, घरी पोचायच्या. आता येईस्तोवर गल्ली जागी असणार होती. घरी कळलं तर नागपूर संपलं, हे वहिनींना पक्कं माहीत होतं. तरी सर्वांत लांब रनच्या रविवारी त्या आल्या, साडी फांदीवर ठेवली आणि पूर्ण अंतर धावल्या. मधात न थांबता!

परत कडुलिंबाशी आलो. फांदीवर साडी नव्हती.

"वाऱ्यानं उडाली असन," गजूभाऊ म्हणाले. झाडाचं एक पान हलत नव्हतं.

सरांनी आपलं जॅकेट पुढं केलं. गजूभाऊ म्हणाले, "दुकान उघडतो, नवी साडी आनतो." वहिनींनी खिशातली किल्ली चाचपली. "नको. चाला."

मी सोबत गेले. रस्ताभर मनातल्या मनात भाषण जुळवत होते. गल्लीत नळ आले होते, म्हणजे सगळ्या बाया बाहेर. बादल्या भरून वाहत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. पँट-टी-शर्टमधल्या वहिनी मधून चालत होत्या.

घरासमोरच्या अंगणात, भर उन्हात, दोरीवर साडी. तीच. धुऊन, पिळून, या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली. खाली ओट्यावर वहिनींच्या सासूबाई, गयाबाई, तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. त्यांनी मान वर केली नाही.

"चहा मांडून ठेवला हाय. घे अन् बस."

वहिनी उभ्याच. मीही. भाषणाचं पहिलं वाक्यच आठवेना.

शोभाकाकू बादली ठेवून फाटकातून आत आल्या. वहिनींना खालून वर पाहिलं. "काऊन वो गयाबाई, सून पँटीवर फिरून राह्यली?"

"लुगडं वलं हाय ना तिचं."

शोभाकाकूंनी दोरीजवळ जाऊन पदर चिमटीत धरला. "वलं कुठी? वाळलं की हे!"

गयाबाईंनी मांडीवरच्या शेंगा बाजूला ठेवल्या. गुडघ्यावर हात देऊन उठल्या. रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं, दोरीशी आल्या आणि पदरापासून निऱ्यांपर्यंत सगळं साडीवर ओतलं.

"वलं हाय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा सोलायला बसल्या.