काकाचे जपानी गोळे
चिन्नोर तांदळाचा भात शिजायला लागला, की त्या वासासरशी मला धाकटा काका आठवतो आणि माझं तोंड वाकडं होतं. सहा महिने जपानात कारखान्याचं काम शिकून आलेला हा गृहस्थ नागपूरच्या स्टेशनवर उतरला तोच आम्हा सगळ्यांना अडाणी ठरवून. आमच्या गल्लीतून तेव्हा परदेशी गेलेला तो एकटाच. जपानात नवीन वर्षाला भात कुटून चिकट गोळे करतात, ते आपण घरी करणार, असं त्यानं त्या जानेवारीत जाहीर केलं आणि पाहुण्यांसाठी जपलेला जुना चिन्नोर परस्पर डब्यातून काढला. आई म्हणाली, "भाऊजी, जुना चिन्नोर मोकळा होते, चिकटत नाही. नवा तांदूळ घ्या न." "वहिनी, तुमाले काय समजते जपानचं?" म्हणत तो हसला, आणि मीही हसले. अंगणातल्या उखळात तो तासभर भात कुटत होता, पण गोळा काही होईना, नुसता ओला रवा झाला. मग त्यानं आमच्या उखळाला नावं ठेवली, नागपूरच्या पाण्याला ठेवली, आणि हात धुऊन खाटेवर जाऊन पडला. आईनं त्या रव्यात बेसन, तिखट आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, घालून वडे तळले. त्यातले सहा हाणून काका म्हणाला, "आता आली न जपानची चव!" आईनं सातवा वाढला. काका तर मूर्खच होता. पण घरचा भात तेव्हा रोज मीच रांधायची. आई बरोबर सांगते आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी हसले होते.