टिटवीची चार अंडी

दर रविवारी सकाळी मी जालन्याजवळच्या तलावावर पक्षी बघायला जातो. घरी याला रिकामटेकडेपणा म्हणतात. बायको म्हणते, "पक्षी ओळखायला लागलेत तुम्हाला, नातेवाईक विसरले."

उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की तलावाचा गाळ उघडा पडतो. त्यात एक काका काकड्या, टरबुजं लावतात. उरलेल्या मोकळ्या जागेत शहरातली माणसं मोटारसायकली फिरवतात, क्रिकेट खेळतात, चूल मांडून वांगी भाजतात. नेमकी अशाच जागी मागच्या उन्हाळ्यात टिटवीनं चार अंडी घातली. घरटं कसलं, खडे बाजूला सारून केलेला खळगा. अंडी मातीच्याच रंगाची. वरून चाक गेलं असतं तरी गाडीवाल्याला कळलं नसतं. मला आठवडाभर दुसरं काही सुचेना.

काकांना सांगायला गेलो तर त्यांना आधीच माहीत. "माझं ध्यान हाय की. मीबी लांबून जाऊन राह्यलो. तुम्ही काही करू नका साहेब, तिचं ती बराबर बघती."

ऐकेल तो मी कसला. चार पुस्तकं वाचली होती ना! पुढच्या खेपेला घरून चुना कालवून नेला. खळग्याभोवती चार पावलांवर दगड गोलाकार मांडले आणि सगळे पांढरे केले. गाडीवाल्यांना लांबून दिसावेत, एवढाच हेतू. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत मला शिव्या देत होती. मी लांब गेल्यावर परत येऊन अंड्यांवर बसली. स्वतःवर बेहद्द खूश होऊन मी घरी आलो.

पुढच्या रविवारी गेलो तर सगळ्यात मोठ्या दगडाला शेंदूर. समोर नारळाच्या करवंट्या, उदबत्तीच्या काड्या. खळगा रिकामा.

काका म्हणाले, "कुणीतरी हात जोडले, मंग बघून बघून सगळेच जोडायला लागले. खोबऱ्यावर कावळे आले, त्यांनीच अंडी नेली. मी तरी किती येळ हाकलणार? जागा शांत राह्यली तर परत घालील ती. ते दगड तेवढे उचला." ‘मी सांगितलं होतं,’ असं काही ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

आमचे आजोबा बौद्ध झाले तेव्हा त्यांनी घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते. त्यांच्या नातवानं चुना लावून नवा देव बसवला होता. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी पोट धरून हसलो असतो. तिथं उभं राहून मला रडू आलं.

पहिला दगड उचलायला वाकलो तेवढ्यात नवरा-बायको आणि त्यांची लहान मुलगी असे तिघं आले. "साहेब, चपला काढा की," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "ताई, इथं देव न्हाई. टिटवीची अंडी होती. दगड मीच मांडलेत."

बाईंनी खळग्याकडे नीट बघितलं आणि हात जोडले. "पाखरालासुद्धा कळलं बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नवऱ्यानं नारळ फोडला. बाईंनी खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि मी खाईपर्यंत हसून बघत राहिल्या. मी तो खाल्ला. दगड काही उचलले नाहीत.