टाकीत ओतलेलं पाणी

पाथर्डीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीवर रंगुबाईला सगळे धीट बाई म्हणायचे. विंचू दिसला की पायातली वहाण काढून ठेचायची, आणि वेळ पडली तर तलाठ्यालाही चार शब्द सुनवायची. पण पेट्रोलचा वास आला की ती नाकाला पदर लावून लांब पळायची. आणि नशिबी नवरा आला तो सहादेव! उमर लष्करात गाड्या हाकण्यात गेलेली. पेन्शन घेऊन घरी परतला, तो नगरच्या भंगारातून एक इंग्रजांच्या वेळची फोर्ड बैलांकरवी ओढवत घेऊनच.

मग त्या गाडीचं रूप पालटायचा नाद लागला. मागचा भाग कापून त्यानं बाभळीच्या फळ्यांची बाकं ठोकली, दारांना हिरवा रंग फासला, ट्रकचा भोंगा बसवला. ‘रंगे, तुला नि पोरींना हिच्यातनं मढीच्या जत्रंला नेतो,’ असं म्हणायचा. वस्ती पोट धरून हसायची. रंगुबाईही हसायची, तोवर गाडीत पेट्रोल नव्हतं.

गाडीत पेट्रोल पडलं, मग टाकीचा विषय निघाला आणि तिचं हसू आटलं. गाडीची जुनी टाकी पुढं, चालवणाऱ्याच्या गुडघ्यांपुढं होती. सहादेवला ती मागच्या बाकाखाली हवी होती, म्हणजे तिचं तोंड वरून काढून कडेला वळवायचं आणि कथील वितळवून त्याचा डाख देऊन जोडायचं. त्यासाठी त्यानं स्टोव्हसारखा भर्रर्र पेटणारा रॉकेलचा दिवा मागून आणला होता.

रंगुबाईचा धाकटा भाऊ छगन नगरच्या एका गॅरेजात अशाच कामात जिवानिशी गेला होता. रिकामी टाकी, वर आग, आणि एकच आवाज. सुतकात भेटायला आलेला गॅरेजचा मिस्त्री डोळे पुसत म्हणाला होता, “टाकी पाण्यानं भरूनच डाख द्यायचा असतो, ताई. पोराला ठाऊक होतं. त्या दिवशी घाई केली.” ते वाक्य रंगुबाईच्या काळजात रुतून बसलं होतं.

ते बहात्तरचं साल. आड कोरडा, टँकर येईल तेव्हा आडात ओतायचा, बाया त्यावर तुटून पडायच्या. घरातला रांजण रंगुबाई लेकरासारखा जपायची. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आल्यावरही घोट मोजून प्यायची.

त्या सकाळी सहादेवनं टाकी अंगणात मांडली.  रंगुबाईनं दोन्ही पोरींना आधी शेजारी मुक्ताबाईकडं पिटाळलं.

“अवो, पानी भरा आदी टाकीत.”

“येडी हाईस का? पोरींच्या तोंडचं पानी लोखंडात वतू? पेट्रोल काडून म्हैनाभर उनात वाळवलीय मी. पेट्रोलचा टिपूस न्हाई.”

“पेट्रोल नसलं तरी त्याची वाफ असती. छगनबी असंच म्हनला आसंल.”

“छगन पोर हुता. मी पलटनीतला ड्रायव्हर हाय. तू आत जा.”

तो चुकीचं बोलत होता, पण वाईट बोलत नव्हता. बायकोनं डोक्यावरून आणलेलं पाणी वाया घालवायला त्याचं मन धजत नव्हतं, हे रंगुबाईला कळत होतं, आणि त्यामुळंच तिला जास्त भीती वाटत होती. रागावलेला माणूस ऐकतो कधीतरी. माया करणाऱ्याला कसं थोपवायचं?

बाहेर दिवा भर्रर्र करून पेटला.

रंगुबाई घरात रांजणापाशी उभी होती.  मग तिनं विचारच केला नाही. रांजणातून हंडा भरला, धावत बाहेर आली आणि टाकीच्या भोकात ओतला. सहादेव दिवा मागं घेत “रंगे! रंगे!” करत राहिला. तिनं दुसरा ओतला. तिसऱ्याला रांजणाचा तळ खरवडला. पाणी पार वरपर्यंत आलं, बोटभर जागा तेवढी उरली.

“आता द्या डाख,” ती म्हणाली. तिचे दात एकमेकांवर आपटत होते.

“आता रातच्याला पोरींनी काय प्यायचं?” तो चिडून म्हणाला. पण ओतलेलं पाणी पिण्याजोगं राहिलं नव्हतं, तेव्हा त्यानं दिवा टाकीवर धरला.

भप्प! भोकातून निळी ज्वाळा हातभर उसळली आणि विझली. सहादेवच्या भुवया जळाल्या. तो मटकन खाली बसला. त्या बोटभर जागेत जे दडलं होतं, ते अख्ख्या टाकीत असतं तर?  दिवा बाजूला भर्रर्र करत राहिला. शेवटी रंगुबाईनंच तो विझवला.

मग सहादेव उठला आणि घरातले दोन्ही हंडे उचलून आडाकडं चालू लागला. रंगुबाई घागर घेऊन मागं निघाली. टँकरची वाट बघणाऱ्या बायांच्या रांगेत तो शेवटी उभा राहिला. वस्तीवर कुणी त्याला कधी पाण्याला आलेलं पाहिलं नव्हतं. पुढची कडूबाई तोंडाला पदर लावून हसली.

“का वो भाऊजी, रंगुबाई आजारी हाय काय?”

“न्हाई,” सहादेव म्हणाला. “ती बरी हाय. मी मरता मरता वाचलो आज. तिनं रांजन रिकामा केला, म्हनून.”

ते ऐकलं आणि सकाळपासून उभी असलेली रंगुबाई आडाच्या काठावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. कडूबाईनं सहादेवच्या हातातले हंडे घेतले आणि रांगेत सगळ्यांच्या पुढं नेऊन ठेवले.