मिस्ड कॉलची शाळा

मी ज्या शाळेसाठी काम केलं, तिला इमारत नव्हती. वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांवरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. पोरं सोबत जातात आणि त्यांची शाळा सुटते. त्या पोरांसाठी पुण्याच्या एका संस्थेनं एक फोन नंबर काढला होता. आईच्या, पोरांच्या भाषेत याडीच्या, बटणांच्या मोबाइलवरून मिस्ड कॉल द्यायचा, की उलट फोन येई आणि धडा ऐकू येई. गोष्टी, पाढे, कविता. धडे रेकॉर्ड करत ते तिकडचेच एक गुरुजी, थोडं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, थोडं मराठीत. शेवटी ‘टुंग’ असा आवाज होई आणि पोरानं उत्तर बोलायचं.

हे सगळं ज्या सर्व्हरवर चाले, ते मुंबईत कुठंतरी भाड्यानं घेतलेले होते. मी ते कधी पाहिले नाहीत. अनसिंगला आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत बसून, लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून मी ते सांभाळत होते. किती सर्व्हर हवेत, किती ताकदीचे, आवाजाच्या फाइली कुठं ठेवायच्या, हे कोडमध्ये लिहून ठेवायचं आणि एक आज्ञा द्यायची. लिहिलेलं सगळं उभं राही. लाइट गेली की मोबाइलच्या नेटवर काम, तेही गेलं की बाबांच्या मागे गाडीवर बसून वाशिम.

पोरं मला येणाऱ्या फोनच्या आलेखातल्या रेषेत दिसत. दिवसभर रेषा खाली पडलेली असे. संध्याकाळी टोळ्या उसाच्या फडातून कोपीवर, आपल्या खोपटांवर, आल्या की ती चढायला लागे. त्या वेळेपुरता एक जादा सर्व्हर आपोआप चालू होईल असा कोड मी लिहिला होता. आवाज नीट येतो का हे तपासायला कधीकधी पोरांची उत्तरं ऐकायची. एक पोरगी सातचा पाढा म्हणताना मध्येच भावाला दटावायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तिचं उत्तर आलं की मी काम सोडून ऐकत बसे.

मग देणगी देणाऱ्यांनी हात काढून घेतला. संस्थेतले सर व्हिडिओ कॉलवर आले आणि म्हणाले, “या आठवड्यात सगळं बंद करायचंय. तुम्हीच करा, तुम्हालाच माहीत आहे काय कुठं आहे.”

“सर, हंगाम तरी संपू द्या. पोरं अजून फडावरच आहेत.”

“मलाही वाईट वाटतंय. पण माझ्या हातात काही राहिलं नाही. गुरुजींचे धडे आमच्याकडे पाठवा. मुलांचे आवाज मात्र कायमचे पुसा. ती खासगी माहिती आहे, ठेवता येणार नाही.”

ते बरोबरच बोलत होते.

सकाळी बसले. धडे पाठवले. सगळं पाडून टाकायची आज्ञा लिहिली. खरंच पाडायचं का, असं पडद्यानं विचारलं. तिथं ‘येस’ अख्खं टाइप करावं लागतं, नुसतं बटण दाबून चालत नाही. मी टाइप केलं. बाबा चहा घेऊन वर आले, तेव्हा पडद्यावर एकेका सर्व्हरचं नाव येत होतं आणि पुढं ‘नष्ट’ असं उमटत होतं.

“काय करून राह्यली व?”

“सर्व्हर पाडून राह्यली, बाबा.”

“कोनाचे?”

“माह्येच.”

त्यांनी थोडा वेळ पाहिलं. “परत उभे नाही करता येत?”

“सर्व्हर येतात करता. पोट्ट्यायचे आवाज नाही येत परत.”

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. “मंग काहून केलं?” बाबांनी विचारलं. त्यांना टोचायचं नव्हतं, त्यांना खरंच कळत नव्हतं. चहा तसाच गार झाला.

गुरुजींना कोणी कळवलंच नव्हतं. दोनेक दिवसांनी त्यांचा फोन आला. “मॅडम, नंबर लागून नाही राह्यला. पोट्ट्यायच्या याड्या मले फोन करून राह्यल्या. काय सांगू?”

मी सांगितलं. ते म्हणाले, “आपन पुन्हा करू नं. मी बोलतो, तुमी सर्व्हर उभे करा.”

मी हो म्हटलं. माझ्या खात्यावर एक लहानसा सर्व्हर उभा केला. त्याला काहीच वेळ लागला नाही. अडलं ते फोनच्या लाइनवर. तसा नंबर नोंदणी असलेल्या संस्थेलाच मिळतो आणि आम्ही दोघं म्हणजे संस्था नव्हतो. गुरुजी मानोऱ्यात संस्था चालवणाऱ्या दोन-तीन जणांकडे जाऊन आले. सगळ्यांनी काम चांगलं आहे म्हटलं, पण पुढं कोणी आलं नाही. जुने धडे मागायला मी पुण्याला फोन केला, तर ते सर नोकरी सोडून गेले होते आणि नव्या बाईंना फाइली सापडत नव्हत्या. रिकामा सर्व्हर काही दिवस चालू राहिला. मग तोही मीच काढून टाकला.

आता मी दुसऱ्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. त्यावर काय चालतं ते मी विचारलं नाही. पडद्यावर रेषा चढते, उतरते. मी बघते आणि लॅपटॉप बंद करते.

गुरुजी अधूनमधून फोन करतात. आधी पहिलं वाक्य “मग, कधी सुरू करायचं, मॅडम?” हे असायचं. पुढं ते विचारेनासे झाले. सोयाबीनचं बोलतात, गुडघ्याचं बोलतात. परवा दिवाळी झाल्यावर फोन आला.

“तांडा खाली झाला, मॅडम. काल गाड्या गेल्या.”

“पोरं?”

“गेली नं. सारी गेली.”

जेवण झालं का म्हणून त्यांनी विचारलं, मी झालं म्हणून सांगितलं, आणि त्यांनी फोन ठेवला.