ज्वारीच्या खोलीतला नर

नवीन जात सापडणं फारसं अवघड नसतं. ती नवीन आहे हे सिद्ध करणं अवघड. मी दोन्ही केलं आहे, त्यामुळे हे छातीठोकपणे सांगू शकते. त्यातलं दुसरं करण्यासाठी मला माझ्या जाऊबाईंची ज्वारी ठेवायची खोली अख्खा उन्हाळा अडवून धरावी लागली.

मी नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. सासर मिरजगावजवळचं. तिथली शेती थोरल्या जाऊबाई बघतात. भाऊजीही असतात, पण बघतात त्या. विहिरीच्या अंगाला लिंबोणीची बाग आहे. लिंबोणीच्या कोवळ्या पानांवर एक फुलपाखरू मोहरीएवढी पिवळी अंडी घालतं आणि त्याच्या अळ्या शेंडे खाऊन झाड बोडकं करतात. एका दिवाळीच्या सुट्टीत बागेत फिरताना त्यातली काही अंडी काळी पडलेली दिसली. अंडं काळं पडलं म्हणजे आत दुसऱ्याच कुणाचा संसार चालू आहे. मी ती काचेच्या नळीत भरली, तोंडाला कापसाचा बोळा लावला आणि नगरला घेऊन आले.

काही दिवसांत अंड्याला भोक पाडून माश्या बाहेर आल्या. माशी आपलं सोयीसाठी म्हणायचं. खरं तर ही गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली. पण राजगिऱ्याच्या दाण्यावर दोघी-तिघी बसतील एवढी लहान, आणि माणसाच्या वाटेला न जाणारी. ऊसवाल्यांना हिच्या बहिणी चांगल्या माहीत असतात. खोडकिडीसाठी उसात ट्रायकोकार्ड, म्हणजे अशी काळी अंडी चिकटवलेला कागद, लावतात; त्यातून निघतात त्या ह्याच. दुसऱ्या किड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालायचं, पिल्लाने आतून ते खाऊन टाकायचं आणि बाहेर पडायचं. फुकटात पिकाची राखण.

माझ्या नळीतल्या माश्यांमध्ये एक गोष्ट खटकली. सगळ्या माद्या होत्या. पुढच्या हंगामातही माद्याच. कॉलेजात पतंगाच्या अंड्यांवर त्यांची पैदास केली, तरी माद्याच. नराशिवाय त्यांचं उत्तम चाललं होतं. अशा जाती असतात. माशीच्या शरीरात एक जिवाणू राहतो आणि तो नर होऊच देत नाही; आईपासून लेक, लेकीपासून नात. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. वाटलं ते पुण्याच्या सरांना.

हे सर ह्या कुळाचे जाणकार. त्यांच्या ओळखीने डीएनए तपासून घेतला, तो कुठल्याच माहीत असलेल्या जातीशी जुळला नाही. मी खुशीत फोन केला.

"मॅडम, वेगळी आहे हे खरं," सर म्हणाले. "पण वेगळी म्हणजे नवीन, असं नाही होत."

"का नाही होत?"

"जुन्या बऱ्याच जातींचा डीएनए कुणी तपासलेलाच नाही. त्या ओळखायच्या नराच्या जननेंद्रियावरून. माद्या सगळ्या सारख्याच दिसतात. तुमची माशी त्यातलीच एखादी असेल तर? तुलना कशाशी करू? नर आणा, मग बोलू."

"सर, तिच्यात नर नाहीच."

"मग ठेवून द्या कपाटात. माझ्याकडे अशा कितीतरी पडल्यात. नाहीतर नळ्या इकडे पाठवा, सवड झाली की बघतो."

सर भले माणूस, पण कपाट हा शब्द माझ्या डोक्यात गेला. वीसेक वर्षं मी दुसऱ्यांनी केलेली वर्णनं फळ्यावर उतरवत आले होते. एक वर्णन माझ्या हातचं हवं होतं, आणि तेही कुणाच्या सवडीवर अवलंबून नको होतं. तेव्हा नर पाहिजे होता. नाही म्हणणाऱ्या जिवाणूला बाजूला सारून तो पैदा करणं भाग होतं.

जिवाणू मारायचे दोन मार्ग. पहिला, मधातून औषध देणं. ते मी करून पाहिलं. मध पातळ झाला आणि माश्या त्यात चिकटून मेल्या. दुसरा मार्ग उष्णतेचा. तीस अंशांच्या थोडं वर, रात्रंदिवस, पिढ्यानपिढ्या. जिवाणूला ते सोसत नाही, माशीला जेमतेम सोसतं. कॉलेजात तापमान कायम ठेवणारी पेटी होती. तिच्यात वीज गेली की तापमान हलायचं आणि वीज आली की त्याहून जास्त हलायचं. मार्चमध्ये एकदा पेटी तापत सुटली आणि जवळजवळ सगळ्या नळ्या गेल्या. वाचल्या त्या फ्रीजमध्ये राखून ठेवलेल्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बागेत त्या वर्षी काळं अंडं दिसेना, कारण भाऊजींनी फवारणी करून घेतली होती. ह्या नळ्या मेल्या की विषय संपला.

एप्रिलअखेर सुट्टी लागली. नळ्या, मायक्रोस्कोप आणि थर्मामीटर घेऊन मी मिरजगावला आले आणि घरभर थर्मामीटर टांगत हिंडायला लागले. पत्र्याच्या पडवीत दुपारी चाळिसाच्या वर. स्लॅबच्या खोलीत सकाळी बरं, संध्याकाळी भट्टी.

जाऊबाई भाकरी थापता थापता बघत होत्या. "घराला ताप आलाय व्हय गं, मास्तरीणबाई?"

"बघतेय कुठल्या खोलीचा चढत-उतरत नाही."

"मंग त्या ज्वारीच्या खोलीत जा की. तिला न्हाई ताप येत कदी."

ज्वारीची खोली म्हणजे मागच्या अंगाची मातीच्या भिंतींची, वर मातीचंच सपाट माळवद असलेली एकच खोली. बाकी घर नवं बांधलं तेव्हा धान्याला चांगली म्हणून ती ठेवली होती. दुपारी बघितलं, एकतीस. संध्याकाळी बत्तीसच्या जवळ. पहाटे पुन्हा एकतीस. कॉलेजच्या पेटीला जे जमलं नाही ते ह्या भिंती वीज न खाता करत होत्या. मी पोत्यांच्या मागच्या फळीवर नळ्या मांडल्या. फ्रीजमध्ये आईस्क्रीमच्या डब्यात पतंगाची अंडी ठेवली. गोठवून निर्जीव केलेली होती, तरी डब्यावर मोठ्या अक्षरांत "खाऊ नये" लिहिलं.

उष्णतेत माशीची पिढी आठवड्याभरात उरकते. पहिली पिढी माद्या. दुसरी माद्या, आणि त्याही थोड्याच. तिसऱ्या पिढीत मायक्रोस्कोपखाली एक विचित्र नमुना आला. ह्या माश्यांत नराच्या मिशांना लांब केस असतात, मादीच्या मिशा टोकाला जाड, गदेसारख्या. हिची एक मिशी केसाळ आणि दुसरी गदेसारखी. अर्धा नर. जिवाणू हरत होता, पण हरला नव्हता. मी जाऊबाईंना बोलावून दाखवलं.

त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. "ह्याला जेवायला कुटं वाढायचं? बाप्यांत का बायांत?"

मी हसले, आणि मग त्यांच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. हातात धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांचा डबा होता.

"हे काय?"

"ज्वारीला जाळी धराया लागलीय. आज गोळ्या टाकून खोली बंद करते."

"आज नाही टाकायच्या."

"का म्हून? तुज्याच पतंगांनी जाळी धरलीय."

"माझी अंडी मेलेली आहेत, जाऊबाई. त्यातून पतंग निघत नाही."

"मेल्याली हायत तर त्यातनं ह्या माश्या कशा निगत्यात?"

प्रश्न रास्त होता आणि उत्तर लांबलचक. मी उत्तराच्या नादी लागले नाही. "एकच पिढी राहिलीय. पुढच्या आठवड्यात पूर्ण नर निघणार. आज गोळी टाकलीत तर एक माशी जगणार नाही. आणि माझ्याकडे दुसऱ्या नाहीत. कुठेच नाहीत."

"आनि जवारी? वरसाची हाय ती. भाकरीच्या जागी माशी वाढू का सगळ्यांना?"

"नळ्या हलवता येत नाहीत, ज्वारी येते. पोती मी बाहेर काढते. ऊन देते, चाळून देते. पुढच्या खोलीत रचते. गोळ्या तिकडे टाका."

"पुडच्या खोलीत गोळ्या? मानसं निजत्यात तितं."

"मग गोळ्याच नकोत. कडक ऊन देऊन, कडुनिंबाचा पाला घालून ठेवू."

"आनि पावनं आलं तर पोत्यावर बसवू?"

"बसवा. मऊ असतं."

जाऊबाईंनी डबा कमरेला टेकवला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "सगळी पोती? तू?"

"मीच."

"बघते बरं का मी. एक दाना किडका निगाला तर तुज्या नळ्या म्या इहिरीत टाकनार."

त्यांनी खरंच बघितलं. पडवीत खाट टाकून, सुपारी कातरत. मी पोतं फरफटत न्यायची, अंगणात ताडपत्रीवर ओतायची, पसरायची, संध्याकाळी चाळायची. दुसऱ्या दिवशी मधल्या वेळी त्या उठल्या, पोत्याचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाल्या, "आसं वडत न्हेलंस तर पोतं फाटंल." मदत करतेय असं त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. पाठ माझी आठवडाभर धरली होती. ज्वारी मात्र स्वच्छ झाली, आणि रिकाम्या खोलीतही तापमान एका अंशाने हललं नाही. ते मी रोज तीनदा बघत होते.

चौथ्या पिढीची अंडी काळी पडली, फुटली. मी नळी मायक्रोस्कोपखाली धरली. मादी. मादी. मादी. मग नळीच्या भिंतीवरून एक जण तुरुतुरु आला, दोन्ही मिशांना लांब केस, झुपकेदार, अगदी आरशात बघून विंचरल्यासारखे. त्याच्यामागून दुसरा. तिसरा. मी मोठ्याने "आला!" म्हणून ओरडले. भाऊजी बाहेरून म्हणाले, "कोन आलं? बस का?"

पुढचं काम हाताचं होतं आणि हाताचं काम मला येतं. नर अल्कोहोलमध्ये घातले, पारदर्शक केले, सुईच्या टोकाने स्लाइडवर उताणे ठेवले. जननेंद्रियाचं चित्र मी स्वतः काढलं, पुन्हा काढलं, मनासारखं होईपर्यंत काढलं. त्या इंद्रियाच्या पाठीकडचा पडदा कुठल्याही जुन्या वर्णनातल्या नरासारखा नव्हता. टोकाला रुंद आणि मधे खाच. एकाचाच नाही, पाहिलेल्या प्रत्येकाचा. स्लाइडचे फोटो सरांना पाठवले.

फोन त्यांचा आला.

"कुठल्या लॅबमध्ये वाढवलात?"

"ज्वारीच्या खोलीत."

"मॅडम, चेष्टा नको."

"चेष्टा नाही सर. मातीच्या भिंती, माळवद. तापमानाच्या नोंदी पाठवू?"

"पाठवा." मग म्हणाले, "नवीन आहे. शंका नाही. लिहायचं कुणी?"

"मी लिहिते. तुम्ही तपासा."

"लिहा," सर म्हणाले. आणि हसले.

पावसाळाभर लिहिलं. प्रत्येक मिशीचा प्रत्येक खंड मोजला, पंखावरच्या केसांच्या रांगा मोजल्या. सरांनी मजकूर परत पाठवला तेव्हा मला लाल खुणांची खात्री होती. खुणा होत्या दोन, दोन्ही संदर्भसूचीत. वर्णनाला त्यांनी हात लावला नव्हता. छापण्याआधी तपासणाऱ्या दोन परक्या तज्ज्ञांनी तापमानाबद्दल चार प्रश्न विचारले; माझ्याकडे चाळीस उत्तरं होती. ज्या नरावरून जात लिहिली त्याची स्लाइड मी एसटीने, मांडीवर डबा धरून पुण्याच्या संग्रहालयात नेऊन दिली, नोंद क्रमांक हातात पडेपर्यंत हलले नाही. लेख छापून आला. जातीच्या नावात मिरजगाव आहे, आणि त्या नावामागे, ज्याने वर्णन केलं त्याचं नाव लिहायची पद्धत असते, तिथे माझं.

जाऊबाईंना लेख दाखवला. त्यांनी चित्रावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी खरं ते सांगितलं. "आगं बया," म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला हाक मारून तिलाही दाखवलं.

महिन्याभराने गावी गेले तर हायवेच्या कडेला फाट्यावर फ्लेक्स. गावाची सून, जगात गावाचं नाव, हार्दिक अभिनंदन. कोपऱ्यात माझा लग्नातला फोटो, आणि मधोमध पिवळीजर्द, नांगी परजलेली, माणसाएवढी गांधीलमाशी. इंटरनेटवरून उचललेली, कुठल्या तरी परदेशातली. मी तिथूनच फ्लेक्स लावणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला.

"अहो, अभिनंदनाबद्दल आभार, पण माशी चुकलीय. ही नाही आमची."

"ठाऊक हाय मॅडम," ते म्हणाले. "पन तुमची छापली आसती तर दिसली आसती का?"

मुद्दा बिनतोड होता. मी फ्लेक्सखाली उभी राहिले, फाट्यावरच्या एका रिक्षावाल्याकडे मोबाईल दिला आणि सांगितलं, फोटो माशीसकट काढ.